पृथ्वीपासून चंद्रापर्यंत (कादंबरी)

'पृथ्वीपासून चंद्रापर्यंत' (मूळ फ्रेंच शीर्षक : 'द ला तेर आ ला ल्यून') ही फ्रेंच लेखक ज्यूल्स व्हर्न (१८२८–१९०५) यांची चंद्रप्रवासाच्या साहसावरील विज्ञानकादंबरी आहे. ती १४ सप्टेंबर ते १४ ऑक्टोबर १८६५ या काळात 'जूर्नाल दे देबा' या पॅरिसच्या दैनिकात क्रमशः छापली गेली आणि त्याच वर्षी हेत्झेल या प्रकाशकाने ती पुस्तकरूपाने काढली. '९७ तास २० मिनिटांचा थेट प्रवास' असे तिचे उपशीर्षक आहे. कादंबरीत एकूण २८ प्रकरणे आहेत. 'चंद्राभोवती' हा तिचा उत्तरार्ध १८६९ मध्ये क्रमशः व १८७० मध्ये पुस्तकरूपाने प्रकाशित झाला. मराठी कुमारवाचकांना ही कथा भा. रा. भागवत यांच्या 'चंद्रावर स्वारी' या रूपांतरामुळे परिचित आहे.

कथेचा मोठा भाग परिपत्रक, वेधशाळेचे पत्र, समितीच्या बैठकांचे वृत्तान्त, वर्गणीची यादी, पैजेची जाहीर पत्रे आणि तारा अशा कागदपत्रांतून पुढे सरकतो. शास्त्रीय आकडेमोड आणि कागदपत्रे यांच्या आधाराने अशक्य वाटणारी घटना विश्वसनीय करून दाखविण्याची ही पद्धत पुढील काळातील विज्ञानकथेने मोठ्या प्रमाणावर स्वीकारली.

पार्श्वभूमी

कादंबरी लिहिली गेली त्याच वर्षी अमेरिकेतील यादवी युद्ध संपले. या युद्धात तोफांचा पल्ला व संहारशक्ती झपाट्याने वाढली होती. कथेतील 'गन क्लब' ही बाल्टिमोर शहरातील संस्था तोफा बनविणाऱ्या लोकांची आहे. युद्ध संपल्यामुळे हे लोक बेकार झाले आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांनी युद्धात एखादा अवयव गमावला आहे. चार सभासदांमागे जेमतेम एक हात आणि सहांमागे दोन पाय भरतात, असा हिशेबच लेखक देतो. शांततेला कंटाळलेल्या या मंडळींना मोठी तोफ ओतण्यासाठी निमित्त हवे असते आणि ते चंद्राच्या रूपाने मिळते. संहारासाठी घडविलेले तंत्रज्ञान ज्ञानाच्या कामी लावता येईल काय, हा प्रश्न विनोदाच्या आवरणाखाली संपूर्ण कादंबरीत वावरतो.

कथानक

गन क्लबचा अध्यक्ष इम्पी बार्बिकेन ३ ऑक्टोबर रोजी सभासदांना परिपत्रक पाठवून ५ ऑक्टोबरच्या सभेस बोलावतो. या सभेत तो चंद्रावर तोफगोळा सोडण्याची योजना मांडतो. केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील वेधशाळेचा सल्ला घेतला जातो. बार्बिकेन, चिटणीस जे. टी. मॅस्टन व अन्य सभासदांची समिती गोळा, तोफ आणि दारू यांची परिमाणे ठरविते. गोळा ॲल्युमिनियमचा व १०८ इंच व्यासाचा, तोफ ओतीव लोखंडाची व ९०० फूट लांबीची, आणि स्फोटक म्हणून ४,००,००० पौंड गनकॉटन (स्फोटक कापूस), असा निर्णय होतो. 'कोलंबियाड' नावाची ही तोफ फ्लोरिडातील टॅम्पाजवळच्या स्टोन्स हिल या टेकडीवर जमिनीतच ओतली जाते. त्यासाठी १,२०० भट्ट्यांतील वितळलेले लोखंड एकाच वेळी सोडले जाते.

चिलखती पत्रे बनविणारा फिलाडेल्फियाचा कॅप्टन निकोल हा बार्बिकेनचा जुना प्रतिस्पर्धी असतो. योजना फसेल अशा चढत्या रकमांच्या पाच पैजा तो लावतो. पहिली १,००० डॉलरची, शेवटची ५,००० डॉलरची आणि पाचही मिळून १५,००० डॉलरच्या असतात.

काम पूर्ण होत असता पॅरिसहून मिशेल आर्दां या फ्रेंच माणसाची तार येते. वाटोळ्या गोळ्याऐवजी शंकूच्या टोकाचा दंडगोल बनवावा, आपण त्यात बसून जाणार आहोत, असे तो कळवितो. चंद्रावर गोळा डागण्याची योजना येथे चंद्रप्रवासाची योजना बनते. बार्बिकेन व निकोल यांच्यातील द्वंद्वयुद्ध टाळून आर्दां दोघांनाही आपले सहप्रवासी करतो. गोळ्यात राहणे शक्य आहे की नाही हे पाहण्यासाठी मॅस्टन आठ दिवस त्यात बंद राहतो आणि बाहेर येतो तो अधिक लठ्ठ होऊन. अखेर १ डिसेंबरच्या रात्री १० वाजून ४६ मिनिटे ४० सेकंदांनी तोफ डागली जाते.

स्फोटानंतर कित्येक दिवस आकाश ढगाळ राहते. पुढे वेधशाळेच्या संचालकांचे निवेदन येते. गोळा चंद्रावर पोहोचलेला नसून त्याचा उपग्रह बनून सुमारे २,८३३ मैल अंतरावरून चंद्राभोवती फिरत आहे, असे त्यात नमूद असते. एक तर चंद्राचे आकर्षण त्याला ओढून घेईल, नाही तर तो कायम फिरत राहील, एवढेच निवेदन सांगू शकते. या अनिश्चिततेत कादंबरी संपते.

प्रमुख पात्रे

इम्पी बार्बिकेन – गन क्लबचा अध्यक्ष. थंड डोक्याचा, काटेकोर संघटक.
जे. टी. मॅस्टन – क्लबचा चिटणीस. उजव्या हाताच्या जागी लोखंडी आकडा असलेला उत्साही गणिती.
कॅप्टन निकोल – चिलखतनिर्माता; बार्बिकेनचा प्रतिस्पर्धी व नंतरचा सहप्रवासी.
मिशेल आर्दां – पॅरिसचा साहसवीर. 'आर्दां' हे नाव व्हर्नचे मित्र, विख्यात छायाचित्रकार व बलूनप्रवासी नादार यांच्या नावातील अक्षरे उलटसुलट करून तयार केले आहे.

कागदपत्रांतून कथन

संपूर्ण कथा पत्रांतूनच सांगितली जाते अशा पत्ररूप कादंबऱ्या युरोपात अठराव्या शतकापासून रूढ होत्या. मराठीत वामन मल्हार जोशी यांची 'इंदू काळे व सरला भोळे' ही या प्रकारची प्रसिद्ध कादंबरी आहे. 'पृथ्वीपासून चंद्रापर्यंत' ही त्या अर्थाने पत्ररूप कादंबरी नाही. तिच्यात निवेदक आहे. परंतु कथेला वळण देणारे जवळजवळ प्रत्येक पाऊल कागदावर पडते.

चौथे प्रकरण म्हणजे प्रामुख्याने केंब्रिज वेधशाळेचे ७ ऑक्टोबरचे उत्तर होय. गन क्लबने विचारलेल्या प्रश्नांना त्यात क्रमवार उत्तरे आहेत. गोळ्याला सेकंदाला १२,००० यार्ड एवढा आरंभवेग हवा. पृथ्वी व चंद्र यांचे आकर्षण जेथे समसमान होते त्या बिंदूपर्यंत जाण्यास ८३ तास २० मिनिटे आणि तेथून चंद्रावर पडण्यास १३ तास ५३ मिनिटे २० सेकंद लागतील, असे पत्र सांगते. बेरीज ९७ तास १३ मिनिटे २० सेकंद होते. उपशीर्षकातील आकडा हा तिचाच स्थूल उल्लेख आहे. ही वेळ चुकली तर तशी अनुकूल स्थिती पुन्हा १८ वर्षे ११ दिवसांनी येईल, असेही पत्र बजावते. या एका पत्राने पुढच्या सर्व घटनांना कालमर्यादा घालून दिली आहे.

वर्गणीच्या प्रकरणात देशोदेशींच्या रकमा त्यांच्या त्यांच्या नाण्यांत नोंदविल्या आहेत. अमेरिकेबाहेरील वर्गणी धरून एकूण जमा ५४,४६,६७५ डॉलर होते. इंग्लंडच्या नावापुढे मात्र काहीच जमा नाही. राष्ट्रांच्या स्वभावावर भाष्य करण्यासाठी लेखकाला येथे जमाखर्चाची वही पुरते. आर्दांची तार काही ओळींची आहे. पण तिच्यामुळे तोफगोळ्याचा आकार, कथेचा हेतू आणि नायक तिन्ही बदलतात.

या पद्धतीचा खरा परिणाम शेवटी जाणवतो. तोफ डागल्यानंतर निवेदक प्रवाशांसोबत जात नाही. तो पृथ्वीवरच थांबतो. तिघांचे काय झाले हे वाचकाला इतर जगाप्रमाणेच वेधशाळेच्या निवेदनातून कळते. आरंभीच्या पत्रात सेकंदापर्यंत खात्री देणारी वेधशाळा अखेरच्या पत्रात दोन शक्यता मांडून थांबते. गणित बरोबर असूनही माणसाच्या साहसाचे फलित आधी लिहून ठेवता येत नाही, हे या दोन पत्रांतील अंतरावरून स्पष्ट होते. गोळ्याच्या आत काय घडले, ते 'चंद्राभोवती' या उत्तरार्धात येते.

वैज्ञानिक बाजू

व्हर्न यांनी घेतलेला सेकंदाला १२,००० यार्ड (सुमारे ११ किलोमीटर) हा वेग पृथ्वीच्या ११.२ किलोमीटर प्रतिसेकंद या मुक्तिवेगाच्या जवळ आहे. तोफेची जागा निवडण्यामागील कारणही शास्त्रशुद्ध आहे. चंद्र थेट डोक्यावर, म्हणजे खमध्याशी यावा यासाठी जागा विषुववृत्तापासून २८ अंशांच्या आत असावी लागते. त्या काळच्या अमेरिकेत ही अट फ्लोरिडा व टेक्सास यांचे दक्षिण भागच पूर्ण करीत होते. सोलापूर (सुमारे १७.७ अंश उत्तर) किंबहुना सगळा महाराष्ट्र या पट्ट्यात येतो. त्यामुळे आपल्याकडे चंद्र काही वेळा अगदी डोक्यावर आलेला दिसतो, तर दिल्लीच्या उत्तरेस तसा तो कधीच दिसत नाही.

बंद गोळ्यातील हवा शुद्ध ठेवण्यासाठी पोटॅशियम क्लोरेटपासून प्राणवायू तयार करणे आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड कॉस्टिक पोटॅशने शोषून घेणे, ही योजनाही त्या काळच्या रसायनशास्त्राला धरून आहे.

मुख्य दोष तोफेच्या कल्पनेत आहे. ९०० फूट (सुमारे २७४ मीटर) लांबीच्या नळीत शून्यापासून सेकंदाला ११ किलोमीटर वेग गाठायचा तर त्यासाठी सुमारे एकविसांश सेकंदच मिळतो. या वेळी प्रवाशांवर पडणारा भार गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २२,००० पट होईल. म्हणजे ५० किलो वजनाच्या माणसाला स्वतःचे वजन ११०० टन झाल्यासारखे होईल. धक्का शोषण्यासाठी व्हर्न यांनी गोळ्याच्या तळाशी पाण्याचा थर योजला आहे; परंतु एवढ्या भारापुढे तो निरुपयोगी ठरेल. शिवाय इतक्या वेगाने दाट हवेतून जाताना गोळा प्रचंड तापेल. उत्तरार्धात प्रवाशांना फक्त समआकर्षणाच्या बिंदूजवळ वजनहीनता जाणवते, हेही चूक आहे. इंजिन बंद असलेल्या यानात ती संपूर्ण प्रवासभर जाणवते.

रशियाचे कॉन्स्टन्टिन त्सिओल्कोव्हस्की आणि जर्मन भाषक हर्मान ओबेर्थ या अग्निबाणविद्येच्या प्रवर्तकांनी व्हर्न यांच्या चंद्रकथांपासून प्रेरणा घेतली. एकदम धक्का देणाऱ्या तोफेऐवजी हळूहळू वेग वाढविणारा अग्निबाण हेच योग्य साधन, या निष्कर्षाप्रत ते आले. कादंबरीतील चूकही अशा रीतीने अभ्यासाला उपयोगी पडली.

प्रत्यक्ष चंद्रमोहिमांशी साम्य

२१ डिसेंबर १९६८ रोजी फ्लोरिडाहून निघालेल्या अपोलो ८ यानात तीन प्रवासी होते. ते चंद्रावर न उतरता त्याला प्रदक्षिणा घालून परतले आणि प्रशांत महासागरात उतरले. व्हर्न यांचे तीन प्रवासीही उत्तरार्धाच्या अखेरीस प्रशांत महासागरातच येऊन पडतात. जुलै १९६९ मधील अपोलो ११ च्या मुख्य यानाचे नाव 'कोलंबिया' होते. ते 'कोलंबियाड' तोफेची आठवण करून देते. परतीच्या प्रवासात नील आर्मस्ट्राँग यांनी केलेल्या दूरचित्रवाणी भाषणात व्हर्न यांच्या कादंबरीचा उल्लेख होता. ही साम्ये भविष्यकथनाचा पुरावा मानता येत नाहीत. विषुववृत्ताजवळची जागा निवडण्यासारख्या काही बाबी भूगोलावरून ठरतात, तर उरलेली साम्ये योगायोगाची आहेत.

मराठीतील अवतार

कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी कोचीन येथे सुरू केलेल्या 'केरळ कोकिळ' या मासिकात विसाव्या शतकाच्या आरंभी व्हर्न यांच्या चंद्रप्रवासाचे मराठी रूपांतर क्रमशः प्रसिद्ध झाले. मराठी विज्ञानकथेच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः येथून मानला जातो. म्हणजे मराठीत हा साहित्यप्रकार अवतरला तोच चंद्राच्या वाटेने, आणि तोही महाराष्ट्रापासून दूर केरळात सुरू झालेल्या नियतकालिकातून.

पुढे 'फास्टर फेणे'चे जनक भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी व्हर्न यांच्या अनेक कादंबऱ्या कुमारवयीन वाचकांसाठी मराठीत आणल्या. 'चंद्रावर स्वारी'खेरीज 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'समुद्रसैतान' आणि 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ही त्यांतील काही नावे होत. मूळ कादंबरी मुलांसाठी म्हणून लिहिलेली नव्हती; मराठीत मात्र ती मुख्यतः शाळकरी वयात वाचली गेली.

१९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत जयंत नारळीकर यांच्या 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. ती त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठविली होती. कागदाचा पुरावा म्हणून उपयोग त्यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेतही आढळतो. तेथे निराळ्या इतिहासातून आलेले बखरीचे एक पान नायकाच्या अनुभवाची साक्ष देते.

प्रभाव

ऑफेनबाख यांची 'चंद्रप्रवास' ही संगीतिका (१८७५) आणि जॉर्ज मेलिएस यांचा त्याच नावाचा मूकपट (१९०२) यांवर या कादंबरीची छाया आहे. मूकपटातील, चंद्राच्या डोळ्यात रुतलेला तोफगोळा हे दृश्य चित्रपटाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे.

कागदपत्रांतून अंतराळकथा सांगण्याच्या पद्धतीचे अलीकडचे टोक म्हणजे एमी कॉफमन व जे क्रिस्टॉफ या ऑस्ट्रेलियन लेखकद्वयीची 'इल्युमिने' ही २०१५ मधील कुमारकादंबरी होय. तिच्यात निवेदक जवळजवळ नाहीच. संगणकीय संवाद, जबान्या, लष्करी अहवाल, आराखडे आणि यानावरील संगणकाच्या नोंदी यांतून वाचकाला कथा जुळवावी लागते. व्हर्न यांच्या काळातील तार आणि वेधशाळेचे पत्र यांची जागा येथे नव्या साधनांनी घेतली आहे. दूर अंतराळातील माणसे जिवंत आहेत की नाहीत हे हाती आलेल्या नोंदींवरून ताडून पाहण्याचे वाचकाचे काम मात्र तेच राहिले आहे.

हेही पाहा

ज्यूल्स व्हर्न
भा. रा. भागवत
जयंत नारळीकर
मराठी विज्ञान परिषद
अपोलो ८