संगीताचा साचा आणि श्रोत्यांचा हक्क

‘फॉर्मॅट’ ही संज्ञा मूळची ग्रंथमुद्रणातील. पुस्तकाचा आकार व घडण एवढाच तिचा अर्थ. अमेरिकी नभोवाणीत तिने केंद्रावरून नित्य ऐकविल्या जाणाऱ्या विशिष्ट जातीच्या संगीताचा बोध होऊ लागला. हा साचा बदलण्याचा अधिकार केवळ मालकाचा काय, हा वाद पुढे न्यायालयांत गेला.

अटलांटा येथील अभिजात संगीताचे केंद्र विकले जाताना नागरिकांनी हरकत घेतली. १९७० साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने या प्रकरणी सुनावणी आवश्यक ठरविली. १९७३ साली ओहायोतील सिल्व्हेनिया या टोलेडोच्या उपनगरातील केंद्रावरील ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ बंद होण्याविरुद्ध श्रोत्यांनी केलेल्या तक्रारीलाही तोच न्याय लागू झाला. न्यायालय उच्च अभिरुचीचा कैवार घेत नव्हते, हे यावरून स्पष्ट होते. अन्यत्र न मिळणारे संगीत लोप पावत असेल, तर श्रोत्यांचे म्हणणे ऐकले जावे, एवढेच त्याचे तत्त्व होते.

संघीय दळणवळण आयोगाने मात्र १९७६ साली हा प्रश्न बाजारावर सोपविला आणि १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ते धोरण उचलून धरले. महानगरातील श्रोत्याला दुसरे केंद्र लावता येते; लहान गावात पर्याय मोजकेच असतात. म्हणूनच या निर्णयाचा भार तेथील श्रोत्यांवर अधिक पडणे संभवते.