माहीमचं ‘गोड’ पाणी: तर्क नेमका कुठे घसरला?

सहावी ते आठवीच्या मुलांना युक्तिवादातले दोष ओळखायला कसं शिकवायचं, हा आजचा विषय. बहुतेक ठिकाणी दोषांच्या नावांची यादी देतात, मुलं ती पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. त्यापेक्षा आपण आपल्याच शहरातली एक रात्र घेऊ.

18 ऑगस्ट 2006, शुक्रवार. माहीमच्या खाडीजवळ समुद्राचं पाणी गोड झालंय, अशी बातमी पसरली आणि माणसं किनाऱ्याकडे धावली. लोकांनी ते पाणी प्यायलं, बाटल्या भरून घरी नेलं. काहींनी ही मखदूम शाह बाबांची कृपा मानली. दुसरीकडे पिऊ नका, पिऊ नका, असे इशारे दिले जात होते.

आता भूगोल आठवा. या खाडीला मिठी नदी मिळते. विहार आणि पवई तलावांच्या ओसंडणाऱ्या पाण्यातून ती निघते, अंधेरी पूर्वेकडून विमानतळाच्या परिसरातून कुर्ल्याला येते आणि तिथून माहीमला. वाटेत वस्त्यांचं सांडपाणी नि कारखान्यांची घाण पोटात घेते. आदल्याच वर्षी, 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा याच मिठीने उपनगरांचं काय केलं ते आपल्याला माहीत आहे. पावसाळ्यात ती भरपूर गोडं पाणी खाडीत ओतते. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून काही काळ वर तरंगतं.

म्हणजे चाखणारे खोटं बोलत नव्हते. पाणी खरंच कमी खारट लागलं असणार. मुलांना पहिल्यांदा हे सांगायला हवं, असं आम्हांला वाटतं, कारण आपण सहसा इथेच चुकीची सुरुवात करतो. निरीक्षण ठीक होतं. घोटाळा झाला तो निरीक्षणाकडून निष्कर्षाकडे मारलेल्या उडीत.

‘एवढी माणसं काय वेडी आहेत?’ हा पहिला युक्तिवाद. हजार माणसांची साक्ष पाण्याच्या चवीबद्दल उपयोगी आहे. ते पाणी कुठून आलं आणि प्यायला बरं आहे का, याबद्दल तीच साक्ष काहीच सांगत नाही. मग ‘शेजारचे प्यायले, त्यांना कुठे काय झालं?’ शितावरून भाताची परीक्षा आपण करतो ती चालते, कारण भांडं एक, तांदूळ एक, आच एक. माणसांची पोटं तशी एका भांड्यात शिजत नाहीत. शिवाय जुलाब व्हायचे तर दोन-तीन दिवसही लागतात. आणि पाणी प्यायल्यावर कुणाचा गुडघा दुखायचा थांबलाच, तर कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. बघा, दोषाचं नाव आपल्या घरात आहे, इंग्रजी शब्द शोधायची गरजच नाही.

एक दोष मात्र म्हणीत सापडत नाही, आणि मुलं त्यात हमखास अडकतात. पाऊस पडला की रस्ता ओला होतो. रस्ता ओला आहे, म्हणून पाऊस पडला? मुलुंडच्या मुलाला विचारा, तो लगेच सांगेल की टँकर गळला असेल. आपल्या न्यायशास्त्रात हे फार जुनं आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. पण ‘अग्नी आहे, म्हणून धूर आहे’ हे चूक, कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अशा फसव्या कारणाला त्यांनी हेत्वाभास म्हटलं. चमत्कार झाला तर पाणी गोड होईल, हे क्षणभर मान्य केलं, तरी पाणी गोड झालं म्हणून चमत्कारच झाला, हे त्यातून निघत नाही.

आता आपल्या बाजूचंही बघू. त्या रात्रीबद्दल बोलताना ‘अडाणी लोक हो’ असं म्हणणारे कमी नसतात. हाही दोषच, मुद्दा सोडून माणसावर घसरण्याचा. 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या, त्यांत शिकलेली माणसंही उभी होती. दिल्लीत वैज्ञानिकांनी तेव्हा कुणाला नावं ठेवली नाहीत. दुधात रंग घातला, आणि ते मूर्तीच्या अंगावरून खाली ओघळताना दिसू लागलं.

एक हुशार मुलगी विचारेलच की, ‘पालिका सांगते म्हणून ऐकायचं, हे बाबा वाक्यं प्रमाणम् नाही का?’ चांगला प्रश्न आहे. फरक असा की पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत नेता येतो, आकडे मागता येतात, दुसऱ्याकडून पुन्हा तपासून घेता येतात. बाबांच्या वाक्याला ती सोय नाही.

वर्गात हे करायचं तर काचेच्या ग्लासात अर्धं पाणी घ्या, त्यात दोन-तीन चमचे मीठ आणि चिमूटभर हळद घाला. पिण्याचं साधं पाणी चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू वर सोडा. खाली पिवळा थर, वर नितळ. स्ट्रॉने आधी वरचं चाखायचं, मग खालचं. मग ग्लास ढवळायचा आणि पुन्हा चाखायचं.