ट्राम यायच्या आधीची दोन वर्षं

मंडळी, आमच्या कामात कंट्रोल चार्ट रोजचाच. सर्व्हरला उत्तर द्यायला काल 190 मिलिसेकंद लागले, आज 210... बिघडलं का काही? बहुतेक वेळा नाही. सरासरीची एक रेघ, तिच्या वर-खाली तीन सिग्मावर दोन मर्यादा. आकडा आत असेल तर गप्प बसायचं, बाहेर गेला तर कारण शोधायचं. वॉल्टर श्यूहार्टने ही युक्ती मे 1924 मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत एका पानावर मांडली.

पण त्यामागच्या प्रश्नाशी आमच्या रायगडात वीस वर्षं आधीच झटापट झाली होती. मी पालीचा, त्यामुळे अलिबागची चुंबकीय वेधशाळा म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली. तिची गोष्ट मात्र मुंबईत सुरू होते.

कुलाब्याच्या वेधशाळेत 1846 पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची सलग नोंद होत होती. ते रोज काही दहा नॅनोटेस्लांनी वर-खाली होतं. हा झाला नेहमीचा चढउतार. सप्टेंबर 1859 च्या सौरवादळात मात्र ते सुमारे 1600 ने कोसळलं! एवढं ओळखायला सिग्मा कशाला हवा म्हणा. कसोटी लागते ती पन्नास-शंभराच्या वादळांत. म्हणून या शास्त्रात दर महिन्याचे सर्वांत शांत पाच दिवस निवडून त्यांवरून नेहमीची चाल ठरवतात. आम्हीही मर्यादा काढताना बिघाडाचे दिवस वगळतो, तसंच.

मग मुंबईत विजेच्या ट्रामचं ठरलं. रुळांतून जमिनीत झिरपणारा प्रवाह चुंबकसुया हलवतो. असा गोंगाट रोजचा झाला की मर्यादा रुंदावतात आणि लहान वादळं त्यातच लपतात. वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांनी अलिबाग निवडलं. चुंबकीय अंश नसलेल्या पोरबंदरी दगडाच्या इमारती उभ्या राहिल्या.

पण जागा बदलली की आकडाही बदलणार. चार्टवर उडी दिसली तर ती पृथ्वीची की जागेची? यावर त्यांनी जे केलं ते मला फार आवडतं. 1904 ते 1906 दोन्ही वेधशाळा एकाच वेळी चालवल्या आणि फरक मोजून ठेवला. मगच कुलाब्याची चुंबकीय नोंद थांबली. ट्राम धावली 1907 मध्ये. त्यामुळे 1846 पासूनची मालिका आजही जोडून वाचता येते.

असो. एका जुन्या प्रोजेक्टमध्ये डेटाबेस हलवताना आम्ही दोन आठवडे दोन्ही सिस्टिम चालू ठेवायला मागितले होते. मिळाले तीन दिवस. त्या तारखेला चार्टवर एक उडी आहे. ती कशाची, हे अजून कुणालाच सांगता येत नाही.