थोरली पाती, धाकटी पाती

आपल्या देवासात जुन्या मराठी घरांत पाहुणा आला की गाव, आडनाव विचारून झाल्यावर एक प्रश्न ठरलेला असे: "तुम्ही कुठल्या पातीचे?" माझे पणजोबा थोरल्या पातीच्या दप्तरात कारकून होते आणि आईचे आजोळ धाकट्या पातीकडचे. म्हणजे आमच्या घरात दोन्ही संस्थाने एकाच चुलीवर जेवत होती. लहानपणी मला वाटायचे, पाती म्हणजे गवताची पाती. पुढे कळले, पाती म्हणजे वाटा, भागीदारी. एका राज्याच्या दोन भागीदाऱ्या, तेही एकाच गावात! हिंदुस्थानात असे दुसरे उदाहरण सहसा ऐकायला मिळत नाही. यंदाच्या स्मरणिकेत या दोन पात्यांची हकीकत लिहावी असे वाटले. त्याला एक घरगुती कारणही घडले, ते शेवटी सांगतो.

माळव्याची गादी पुष्कळ जुनी. दहाव्या शतकात परमारांचा सीयक दुसरा याने इ. स. ९७२ मध्ये राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट लुटली आणि परमार खऱ्या अर्थाने स्वतंत्र झाले. त्याचा मुलगा मुंज विद्वानांचा आश्रयदाता. तो चालुक्य तैलपाच्या कैदेत मारला गेला. मुंजाचा भाऊ सिंधुराज, आणि सिंधुराजाचा मुलगा तो प्रसिद्ध राजा भोज. भोजाने अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात धारला राजधानी करून राज्य केले. 'समरांगणसूत्रधार' हा वास्तुशास्त्राचा ग्रंथ त्याच्या नावावर आहे. मी शासकीय बांधकाम खात्यात उपयंत्री, शिक्षण पदविकेपर्यंत. तरीही घरे, नगरे, एवढेच काय यंत्रे यांवर एका राजाने एवढे लिहिले याचे मला नेहमी नवल वाटते. भोपाळजवळच्या भोजपूरचे त्याचे शिवमंदिर अर्धेच राहिले. खडकावर कोरलेले त्या मंदिराचे नकाशे आजही दिसतात. आमच्या खात्यात अर्धवट कामे पुष्कळ, पण त्यांचे नकाशे हजार वर्षे टिकतील असे वाटत नाही!

परमारांचे राज्य इ. स. १३०५ मध्ये अलाउद्दीन खिलजीच्या सैन्यापुढे संपले. पुढे माळव्याचे सुलतान मांडूत बसले, मग मोगल आले. सव्वाचारशे वर्षांनी मराठे नर्मदा ओलांडून माळव्यात स्थिरावले, तेव्हा त्यांच्यात पवार हे नाव पुन्हा धारेत ऐकू आले. पवार घराणे आपले मूळ परमारांत सांगते, आणि परमार या शब्दाचेच पवार हे रूप झाले, असे मानले जाते. भोजापासून उदाजीपर्यंत एकही कडी न तुटता वंशावळ जुळवून दाखवणे अवघड आहे. पण राजघराण्यांच्या वंशावळीत रक्ताइतकीच गरजही बोलत असते. परक्या मुलखात राज्य करायचे तर 'आम्ही नवे नाही, परत आलो आहोत' असे म्हणता येणे ही मोठी ताकद असते. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून आजही 'मूळचे कुठले?' या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळे सांगायला नको.

पवार माळव्यात आले ते तलवारीच्या जोरावर. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्याला चिमाजीअप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी मोगल सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला. त्यात तो मारला गेला. या मोहिमेत उदाजी पवार होते. पुढे १७३१ मध्ये डभईच्या लढाईत उदाजी सेनापती दाभाडे यांच्या बाजूने बाजीराव पेशव्यांविरुद्ध उभे राहिले. ते महागात पडले. धारची सत्ता त्यांचे भाऊ आनंदराव यांच्याकडे गेली. धारचेच यशवंतराव पवार १७६१ मध्ये पानिपतावर पडले, आणि शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव १७७५ मध्ये धारच्या किल्ल्यात जन्मला. मराठी राज्याची एवढी सुखदुःखे या एका घराण्याच्या अंगणात घडली.

धारचे उदाजी-आनंदराव आणि देवासचे तुकोजी-जिवाजी हे चुलतभाऊ. तुकोजी थोरले, जिवाजी धाकटे. १७२८ पासून दोघांचा अंमल देवासवर बसला. सुरुवातीला सगळे एकत्र होते. पुढे एकाच मुलखात, एकाच गावात वाटण्या होत गेल्या. १८१८ मध्ये इंग्रजांशी तह झाला तो दोन्ही राजांशी मिळून. दोघांनी एकमताने चालावे आणि एकाच कारभाऱ्यामार्फत कारभार करावा, असे त्यात कलमच होते. इंग्रजांनाही दिसत होते की एका गावात दोन कारभार म्हणजे रोजचे भांडण. कलम कागदावर राहिले. वर्षे जातील तशी दोन राजवाडे, दोन दरबार, दोन कचेऱ्या, दोन फौजा झाल्या. मुख्य रस्त्याची एक बाजू एका राजाची तर दुसरी दुसऱ्याची. तोफांची सलामी मात्र दोघांनाही सारखीच, पंधरा. मान कमी कुणाचा करायचा?

थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव १८९९ मध्ये दत्तक म्हणून गादीवर आले. राजर्षी शाहू महाराजांची कन्या ही त्यांची राणी. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर १९१२-१३ मध्ये इथे येऊन गेला आणि १९२१ मध्ये त्यांचा खासगी चिटणीस म्हणून राहिला. त्या वर्षीचा राजवाड्यातला गोकुळाष्टमीचा उत्सव त्याने डोळे भरून पाहिला आणि पुढे १९५३ मध्ये देवासवर जे पुस्तक काढले त्याला नाव दिले आपल्या टेकडीचे, 'द हिल ऑफ देवी'. तुकोजीरावांचा शेवट मात्र दुःखाचा झाला. राज्य आर्थिक अडचणीत सापडले, १९३३ मध्ये ते पाँडिचेरीला गेले आणि १९३७ मध्ये तिथेच वारले. त्यांचे चिरंजीव विक्रमसिंहराव पुढे १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर छत्रपती शहाजी म्हणून बसले. देवासचा मुलगा कोल्हापूरचा छत्रपती झाला, ही गोष्ट आपल्या मुलांना माहीत असायला हवी.

१९४८ मध्ये दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या आणि दोनशे वीस वर्षांनी देवास पुन्हा एक झाले. एक जिल्हा, एक कलेक्टर.

आता ते घरगुती कारण. गेल्या वर्षी आमच्या जुन्या घराची वाटणी झाली. काका आणि माझे वडील दोघेही आता नाहीत, आम्ही चुलतभाऊ आहोत. नकाशा काढायचा तर घरात मीच उपयंत्री! टेप घेऊन मापे घेतली. रेघ ओसरीतून, स्वयंपाकघरातून आणि जिन्याच्या मधून गेली. क्षेत्रफळ इंचाला इंच बरोबर आले आणि त्या रात्री जेवण मात्र गेले नाही. धाकटा चुलतभाऊ एवढेच म्हणाला, "दादा, देवघर कुणाकडे?" मी उत्तर दिले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे टेकडीवर गेलो. वर तुळजाभवानी, मोठी माता. आणि चामुंडा, छोटी माता. लोक सांगतात, दोघी बहिणी भांडल्या आणि पाठ फिरवून निघाल्या, पण हनुमान आणि भैरवाने विनवणी केल्यावर टेकडी सोडून गेल्या नाहीत. म्हणून दोघींचे दर्शन घेतल्याशिवाय फेरी पुरी होत नाही. थोरल्या पातीचा माणूस असो की धाकट्या पातीचा, टेकडीला फेरी घालताना दोघांना एकमेकांच्या दारावरून जावेच लागले. जमीन, महसूल, फौज, रस्ता सगळे वाटले गेले. हा फेरा तेवढा सामाईक राहिला.

घरी येऊन नकाशात दुरुस्ती केली. देवघर आणि त्यापुढचा चौक दोन्ही वाट्यांतून वगळून 'सामाईक' असे लिहिले. क्षेत्रफळाचा हिशोब थोडा बिघडला, पण दोन्ही बाजूंनी सह्या झाल्या. यंदा गणपती त्याच देवघरात बसला आहे. आरतीला दोन्हीकडची मुले एका ताटाभोवती उभी असतात, आणि मोदक कुणाकडून आले हे कुणी विचारत नाही.

गणपती बाप्पा मोरया!