राज्यसभेचे २० सप्टेंबर २०२० चे कामकाज

२० सप्टेंबर २०२० रोजी, रविवारी, भारतीय संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने म्हणजे राज्यसभेने शेतमालाचा व्यापार आणि करारशेती यांविषयीची दोन विधेयके आवाजी मतदानाने संमत केली. विरोधी सदस्यांनी केलेली मतविभागणीची मागणी मान्य झाली नाही. त्यामुळे विधेयकांच्या बाजूने किती आणि विरोधात किती सदस्य होते, याची नोंदच झाली नाही. बारामतीचे शरद पवार त्या वेळी या सभागृहाचे सदस्य होते. बारामती व इंदापूर तालुक्यांतील शेतमालाच्या बाजारव्यवस्थेशी या विधेयकांचा थेट संबंध होता.

पार्श्वभूमी

केंद्र सरकारने ५ जून २०२० रोजी काढलेल्या अध्यादेशांची जागा घेण्यासाठी ही विधेयके आणली होती. लोकसभेने ती १७ सप्टेंबरला संमत केली. त्याच दिवशी शिरोमणी अकाली दलाच्या हरसिमरत कौर बादल यांनी केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला. करोनाच्या साथीमुळे अधिवेशनाची रचना नेहमीपेक्षा वेगळी होती. राज्यसभा सकाळी ९ ते दुपारी १ या वेळेत बसे, सदस्यांची आसने दोन्ही सभागृहांत व सज्ज्यांत विभागलेली असत, प्रश्नोत्तराचा तास रद्द होता आणि सुटीच्या दिवशीही कामकाज चाले. दुपारी एकची मर्यादा त्या दिवशी विशेष महत्त्वाची ठरली.

बारामती व इंदापूर तालुक्यांशी संबंध

पहिल्या विधेयकानुसार बाजार समितीच्या आवाराबाहेर पॅन कार्डधारक कोणताही व्यापारी शेतमाल खरेदी करू शकणार होता आणि अशा व्यवहारावर राज्याला बाजार शुल्क आकारता येणार नव्हते. महाराष्ट्रात बाजार समित्या १९६३ च्या राज्य कायद्यान्वये चालतात आणि बाजार शुल्क हा त्यांच्या उत्पन्नाचा मुख्य आधार आहे.

या दोन तालुक्यांत मात्र परिणाम सर्व पिकांवर सारखा झाला नसता. कालव्याखालील ऊस बाजार समितीत येतच नाही. तो माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती किंवा इंदापूरचा कर्मयोगी अशा सहकारी साखर कारखान्यांकडे जातो आणि त्याचा किमान दर केंद्र सरकार ठरवते. फळे व भाजीपाला राज्याने २०१६ मध्येच नियमनमुक्त केला होता, त्यामुळे इंदापूरच्या डाळिंब उत्पादकाला आवाराबाहेर विक्रीची मुभा आधीपासून होती. खरा प्रश्न ज्वारी, गहू, मका यांसारख्या धान्याचा होता. जिरायती पट्ट्यातील शेतकऱ्याच्या हाती विकण्याजोगे मुख्यतः तेच असते.

वादनिवारणाची तरतूदही दूरगामी होती. शेतकरी व व्यापारी यांच्यातील तंटा दिवाणी न्यायालयात नेता येणार नव्हता. तो उपविभागीय दंडाधिकाऱ्यापुढे मांडावा लागणार होता. बारामती उपविभागात बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके येतात. म्हणजेच दोन्हीकडील तक्रारी बारामतीच्या प्रांताधिकाऱ्यांकडे गेल्या असत्या.

सभागृहातील घटनाक्रम

कृषिमंत्री नरेंद्रसिंह तोमर यांनी दोन्ही विधेयके एकत्रित चर्चेसाठी मांडली. विधेयके प्रवर समितीकडे पाठवावीत अशा सूचना के. के. रागेश, डेरेक ओब्रायन व तिरुची शिवा यांनी दिल्या होत्या. महाराष्ट्रातील सदस्यांपैकी संजय राऊत यांनी, हे कायदे झाल्यावर शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबतील याची हमी सरकार देईल काय, असे विचारले.

दुपारी एक वाजत आला तेव्हा चर्चेचे उत्तर व मतदान बाकी होते. उपसभापती हरिवंश यांनी कामकाजाची वेळ वाढवली. विरोधी पक्षनेते गुलाम नबी आझाद यांनी उर्वरित कामकाज दुसऱ्या दिवशी घ्यावे, असा आग्रह धरला. गदारोळ वाढला, सदस्य सभापतींच्या आसनापुढील मोकळ्या जागेत उतरले, नियमपुस्तिका दाखवण्यात आली, ध्वनिक्षेपकांची मोडतोड झाली. सभागृह काही मिनिटे तहकूब झाले आणि पुन्हा सुरू झाल्यावर दोन्ही विधेयके आवाजी मतदानाने संमत झाल्याचे घोषित करण्यात आले.

राज्यसभेच्या कार्यपद्धतीनुसार आवाजी मतदानाच्या निर्णयाला आव्हान दिले गेल्यास प्रत्यक्ष मते नोंदवण्याची तरतूद आहे. मागणी करणारा सदस्य आपल्या आसनावर असावा आणि सभागृहात शिस्त असावी, या दोन्ही अटी त्या वेळी पूर्ण होत नव्हत्या, असे उपसभापतींचे म्हणणे होते. पुढे प्रसिद्ध झालेल्या चित्रफितींत शिवा व रागेश मागणी करताना आपल्या आसनांवर दिसत असल्याने हा वाद चिघळला.

निलंबन व उपोषण

बारा विरोधी पक्षांनी त्याच दिवशी उपसभापतींविरुद्ध अविश्वासाची सूचना दिली. संविधानानुसार त्यासाठी चौदा दिवसांची पूर्वसूचना लागते. सभापती व्यंकय्या नायडू यांनी ती २१ सप्टेंबरला फेटाळली. त्याच दिवशी आठ सदस्यांना उर्वरित अधिवेशनासाठी निलंबित करण्यात आले. त्यांत महाराष्ट्रातून निवडून गेलेले काँग्रेसचे राजीव सातव होते. निलंबितांनी संसदेच्या आवारातील गांधी पुतळ्याजवळ रात्रभर धरणे धरले.

शरद पवार २० सप्टेंबरला सभागृहात उपस्थित नव्हते. मराठा आरक्षणासंबंधीच्या बैठकांमुळे आपण मुंबईत होतो, असे त्यांनी सांगितले. २२ सप्टेंबरला निलंबित सदस्यांच्या पाठिंब्यासाठी त्यांनी एक दिवस अन्नत्याग केला. केंद्रीय कृषिमंत्री असताना (२००४–२०१४) त्यांनी स्वतः मुख्यमंत्र्यांना पत्रे लिहून बाजार समिती कायद्यांत सुधारणेचा आग्रह धरला होता, याची आठवण सत्ताधारी पक्षाने पुढे करून दिली.

पुढील घडामोडी

राष्ट्रपतींनी सप्टेंबरमध्येच विधेयकांना संमती दिली. महाराष्ट्र शासनाने अध्यादेशांच्या अंमलबजावणीविषयीचा आपला ऑगस्टमधील आदेश सप्टेंबरअखेर स्थगित केला. सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०२१ रोजी कायद्यांच्या अंमलबजावणीस स्थगिती देऊन समिती नेमली. तीत शेतकरी संघटनेचे अनिल घनवट होते. पंतप्रधानांनी १९ नोव्हेंबर २०२१ रोजी कायदे मागे घेण्याची घोषणा केली. २९ नोव्हेंबरला निरसन विधेयक दोन्ही सभागृहांत सविस्तर चर्चेविना संमत झाले. तेही आवाजी मतदानानेच झाले.