२०७ मिनिटांचा हिशेब : ‘सेव्हन सामुराई’ आणि मारधाडपटाची लांबी

१/८
मारधाडपटाला तीन तास कशाला हवेत? पात्रे रंगवायला, असे उत्तर हमखास मिळते. ते तपासण्यासाठी एकाच कथेची दोन रूपे पाहू : अकिरा कुरोसावा यांचा ‘सेव्हन सामुराई’ (१९५४, २०७ मिनिटे) आणि त्यावर बेतलेला जॉन स्टर्जेस यांचा ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (१९६०, १२८ मिनिटे). #थ्रेड

२/८
कथा सोळाव्या शतकातील जपानची. दरोडेखोरांनी गांजलेले शेतकरी केवळ पोटभर भाताच्या मोबदल्यात सात सामुराई राखणीला आणतात. स्टर्जेस यांनी ती मेक्सिकोतील खेड्यात नेली. सामुराईंच्या जागी बंदूकबाज आले.

३/८
एकटे पात्र उभे करायला फार वेळ लागत नाही, हे खुद्द कुरोसावाच दाखवतात. तलवारबहाद्दर क्युझो एका द्वंद्वातच कळतो : आधी लुटुपुटीची लढत, मग खऱ्या तलवारीची, मुखी वल्गना नाही. ‘हाय नून’ (१९५२) तर ८५ मिनिटांत एका मार्शलचे एकाकीपण पुरते उभे करतो.

४/८
मग उरलेला वेळ जातो कुठे? गावात. ज्यांना बोलावून आणले, त्याच सामुराईंच्या धास्तीने एक बाप आपल्या मुलीचे केस कापून तिला मुलगा बनवतो. गावकऱ्यांनी ठार केलेल्या सामुराईंची चिलखते घरात सापडतात. तेव्हा किकुचियो उसळतो : शेतकरी लबाड खरे, पण त्यांना तसे बनवले कोणी? तुम्हीच! तो स्वतः शेतकऱ्याचा मुलगा, हे तिथे उघड होते.

५/८
हाच किकुचियो सामुराई म्हणवून घेण्यासाठी वंशावळ दाखवतो. तीतील जन्मसाल तेन्शो २, म्हणजे १५७४. त्या हिशेबाने हा दांडगा गडी तेरा वर्षांचा ठरतो! यावरूनच कथेचा काळ १५८६ च्या सुमाराचा मानतात. पुढे १५८८ मध्ये तोयोतोमी हिदेयोशी यांनी शेतकऱ्यांची शस्त्रे काढून घेण्याचा हुकूम दिला. ते स्वतः सामान्य घरातून वर आलेले. पण आपल्यामागे त्यांनी ती वाट बुजवली.

६/८
७९ मिनिटे कमी झाली, तेव्हा काय गेले? किकुचियो आणि तरुण सामुराई कात्सुशिरो यांचा मिळून एकच ‘चिको’ झाला. शेतकऱ्याचा हा मुलगा अखेरीस पिस्तुलाचा पट्टा सोडून गावातच राहतो. जपानी चित्रपटात किकुचियो मरतो आणि कात्सुशिरोची प्रेयसी त्याला ओलांडून भातलावणीला निघून जाते. हा फरक केवळ मिनिटांचा नव्हे. माणूस नव्याने आयुष्य मांडू शकतो, ही अमेरिकी वेस्टर्नची श्रद्धाही त्यात आहे. पण दोन माणसे एकात कोंबल्यावर त्यांच्यामधली दरी दाखवायला जागाच उरत नाही.

७/८
आपल्या ‘शोले’तही (१९७५) हेच दिसते. सांभा काही क्षणांत कायमचा लक्षात राहतो. मात्र सचिन पिळगांवकर यांनी साकारलेल्या अहमदचे कलेवर गावात येते, तेव्हा काळजात चर्र होते. कारण तोवर रामगढ आणि रहीमचाचा आपल्या ओळखीचे झालेले असतात.

८/८
तात्पर्य : माणूस एका प्रसंगात कळतो, माणसांमधले नाते, आणि त्यामागचा समाज, वेळ मागतो. म्हणून लांब मारधाडपट पाहताना घड्याळाऐवजी एवढेच विचारावे : यातली अर्ध्या तासाची कात्री नेमके कोणते नाते तोडील? उत्तर सापडले नाही, तर तो चित्रपट खरोखरच लांबलेला आहे.