गिलानुपट्ठाक : विनयातील रुग्णसेवेची व्यवस्था

महावग्गाच्या चीवरक्खन्धकातील अतिसाराने पीडित भिक्खूची कथा वाचकांच्या परिचयाची आहे. तथागतांच्या करुणेचे उदाहरण म्हणून ती सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९५७ साली प्रकाशित झालेल्या आपल्या धम्मग्रंथात रुग्णांविषयीच्या बुद्धाच्या आस्थेला स्वतंत्र स्थान दिले आहे. परंतु विनयपिटक हा मूलतः संघाच्या कायद्याचा ग्रंथ होय. त्यामुळे या प्रसंगातून कोणती व्यवस्था निर्माण झाली, हेही पाहिले पाहिजे.

तो भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. आपण इतर भिक्खूंच्या काहीच उपयोगी पडत नाही, म्हणून ते आपली सेवा करीत नाहीत, असे त्याने सांगितले. पुढे संघानेही तेच कारण दिले. घटनाक्रम येथे महत्त्वाचा आहे. भगवंतांनी प्रथम आनंदाला पाणी आणावयास सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले. एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायांकडून उचलून रुग्णाला मंचकावर निजविले. संघाला एकत्र बोलावून विचारणा झाली ती त्यानंतर.

मग नियम झाला. उपाध्याय असेल तर त्याने, तो नसेल तर आचार्याने, नंतर शिष्याने, अंतेवासिकाने, समान-उपाध्यायकाने, समान-आचार्यकाने रुग्ण बरा होईपर्यंत सेवा करावी. यांपैकी कोणीच नसेल तर ती संघाने करावी. न केल्यास दुक्कटाचा दोष. गुरूवर शिष्याच्या सेवेचे दायित्व प्रथम यावे, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

संघात कामांची वाटणी नव्हती असे नाही. दब्ब मल्लपुत्ताकडे शयनासनांची आणि भोजनाची व्यवस्था सोपविलेली होती. चीवरे स्वीकारणारा, ती वाटणारा, भांडार सांभाळणारा, यवागू व फळे वाटणारा अशा सर्वांची संघ रीतसर निवड करी. या पदांच्या यादीत गिलानुपट्ठाक मात्र नाही. माझ्या मते ही उणीव नसून योजना आहे. एकदा पद निर्माण झाले की इतरांना ‘ते माझे काम नव्हे’ असे म्हणण्यास वाव मिळाला असता.

सेवा कोणी करावी हे ठरले तरी ती कोणाला जमते, हा प्रश्न उरतोच. औषध सिद्ध करता येणे, पथ्यापथ्य जाणणे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्र, थुंकी व वांती यांची किळस न बाळगणे आणि प्रसंगी धम्मकथेने रुग्णाला धीर देणे, हे पाच गुण सांगितले आहेत. रुग्णावरही बंधन आहे : त्याने आजाराची खरी स्थिती लपवू नये.

अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात तीन प्रकारचे रुग्ण सांगितले आहेत. एक उपचार मिळोत न मिळोत, बरा होत नाही. दुसरा कसाही बरा होतो. तिसरा उपचार मिळाले तरच बरा होतो. आहार, औषध व परिचारक यांची अनुज्ञा या तिसऱ्यासाठी आहे आणि त्याच्यामुळे इतर दोघांचीही सेवा करावयाची आहे. रणभूमीवरील जखमींची वर्गवारी करणाऱ्या आधुनिक वैद्यकाला पहिली अर्धी गोष्ट ओळखीची वाटेल. दुसरी अर्धी तितकी वाटेलच असे नाही.

सेविकाऱ्याचा विचार विशाखेने केला. तिने मागितलेल्या आठ वरांत रुग्णाच्या भोजनाबरोबर परिचारकाच्या भोजनाचाही वर आहे. तो स्वतःच्या भिक्षेसाठी फिरत राहिला तर मध्यान्ह टळून रुग्णाचे जेवण चुकेल, हे तिचे कारण.

शुश्रूषा करूनही भिक्खू मृत्यू पावला तर त्याचे पात्र व त्रिचीवर संघाने परिचारकांना द्यावे, असा नियम आहे. एरवी चीवरांच्या वाटपात श्रामणेराला अर्धा वाटा मिळे. रुग्णसेवा केलेल्या श्रामणेराला मात्र भिक्खूच्या बरोबरीचा वाटा द्यावा, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे.